वाळूत राहिलेली आई

३ एप्रिल, गुरुवार

नव्या जागी आलो आणि मन प्रसन्न झालं. दिंडोरीच्या रस्त्यावरून द्राक्षबागांत वळलं की अगदी टोकाला हे फार्महाउस. मालकीण तेजस्विनी मॅडम नाशकात इंदिरानगरला राहतात, घर पाहुण्यांना देतात. माझ्याकडे झाडं, दिवाबत्ती आणि मुख्य म्हणजे पोहण्याचा तलाव. तलावाचा फिल्टर कधी चालवलाय का, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, तलावाचा नाही, पण ठिबकचा सँड फिल्टर उभ्या जन्मात चालवलाय. वाळू तीच, पाणी तेच, शेवटी माणसाऐवजी वेल असतो एवढंच. त्या हसल्या आणि काम मिळालं.

स्वयंपाकाला ठमाबाई आहे, शेजारच्या वस्तीवरची. आधीचा माणूस लय आळशी होता, तू तसा निघालास तर करपलेली भाकरी खावी लागंल, असं तिनं ताट वाढतानाच बजावलं. जेवण मात्र सुरेख होतं.

माझी खोली पंपघराला लागून, निंबाच्या सावलीत. कोपऱ्यातल्या फळीवर खंडोबाचा टाक मांडला, शेजारी हरिपाठ ठेवला. सातवीत गुरुजींनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली, ती इथेही ठेवणार.

संध्याकाळी आईला फोन केला. खोकला तिला बोलू देत नव्हता. लंकाबाईचा खोकला आमच्या गावात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दुसऱ्यांच्या बागांत गंधकाची धुरळणी करून मिळवलेला. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी ‘खंडेराया’. जेवला का रं खंडू, एवढंच तिनं विचारलं.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. काळारामाला जायचं मनात होतं, पण घर पाहुण्यांनी भरलेलं. पंपघरातूनच हात जोडले.

आज पंपाशी ओळख झाली. बागेतल्या मोटारींना चालू आणि बंद एवढंच कळायचं. याला तीन वेग आहेत. सगळ्यात हळू वेगात तर अंगावर हात ठेवला तरच चालू असल्याचं समजतं. आधीचा माणूस तो दिवसभर जोरात पळवायचा. मी मॅडमना समजावलं, की पाणी वाळूतून सावकाश गेलं तर बारीक मळ वाळूत अडकतो. घाई केली तर तोच मळ वाळू ओलांडून परत तलावात येतो. वीजही कमी लागते म्हटल्यावर त्या खूश झाल्या.

जोराचा वेग मुख्यतः बॅकवॉशसाठी. फिल्टरच्या डोक्यावरची दांडी फिरवली की पाणी उलटं, खालून वर जातं. वाळू उसळते, अडकलेलं सगळं सुटतं आणि सांडपाण्याच्या पाइपातून बाहेर पडतं. ते कधी करायचं हे दाबाचा गेज सांगतो. फिल्टर तुंबला की काटा चढतो. तो पाइप कुठे जातो ते पाहून आलो. आमच्या, म्हणजे कामगारांच्या, संडासाच्या शोषखड्ड्यात.

रात्री हरिपाठ झाल्यावर वाळूचाच विचार करत पडलो. वाळू काही खात नाही, काही पचवत नाही. नुसतं धरून ठेवते.

२० एप्रिल, रविवार

आई गेली.

गुरुवारी माझा धाकटा भाऊ दीपक याचा फोन आला होता की तिला बरं नाही, येऊन जा. लागून सुट्ट्या होत्या, पाहुणे यायचे होते. सोमवारी येतो म्हणालो. शुक्रवारी पहाटे पुन्हा त्याचाच फोन आला.

आज सकाळी सावडलं. राखेवर दूध शिंपडलं, अस्थी वेचल्या, राखेसकट लहान मडक्यात घालून तांबड्या फडक्यात बांधल्या. दीपक म्हणाला, दादा, तू नाशकापाशी आहेस, गंगेवर तूच घेऊन जा. लोक देशभरातून रामकुंडावर येतात, आपल्याला तर ते दारात आहे. मडकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो ते थेट गंगेवर, गोदावरीच्या काठी, उतरायच्या इराद्यानं.

वाटेत मॅडमचा फोन. माझ्यामागे पंप कुणी लावलाच नाही, पाणी हिरवं पडलंय, मंगळवारी पाहुणे आहेत. तुमच्या आईचं ऐकून फार वाईट वाटलं खंडेराव, पण आधी इकडे या, असं म्हणाल्या.

आधी इकडे आलो. अस्थी घरात नेत नाहीत, झाडाला बांधतात. म्हणून निंबाच्या फांदीला बांधल्या. फांदी तलावावर झुकलेली आहे, पण पानं दाट आहेत, पाहुण्यांना दिसायचं नाही. उद्या नेईन.

२३ एप्रिल, बुधवार

नेल्या नाहीत. सोमवार पाणी साफ करण्यात गेला, काल पाहुणे आले. पाणी अजून गढूळच आहे.

दुपारी दीपकनं विचारलं, झालं का रे दादा? मी हो म्हणालो. विचार करून नाही, तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, सुटली बिचारी. मग तो रडला. मीही रडलो, पण माझं रडणं खोटं होतं.

रामकुंड इथून एका बसचं अंतर. लोक परमुलखातून रात्री रेल्वेत काढून आपली माणसं तिथं पोचवतात. आणि मी?

ठमाबाईनं गाठोडं पाहिलं. माझ्या टकलाकडे बघत तोंडावरच विचारलं, टकलूभाऊ, आईला टांगून ठेवायला ती काय लसणाची जुडी हाय का? मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, उद्याच्याला ने बाबा, माझी आण हाय तुला. टाकापुढे हात जोडून मी उद्याचं कबूल केलं.

२४ एप्रिल, गुरुवार

रात्री वारा सुटला. मला जाग आली नाही.

पाणी लवकर निवळावं म्हणून पंपाला टायमर मीच लावला होता. पहाटे आपोआप सुरू, जोराच्या वेगात.

उजाडताना तलावापाशी गेलो तर पाणी काचेसारखं. इतकं स्वच्छ मी इथे पाहिलं नव्हतं. तळाला मडक्याच्या खापऱ्या. पाणी आत ओढणाऱ्या जाळीला तांबडं फडकं चिकटलेलं. मी उतरलो. मोठे तुकडे तळाला होते, बुडी मारून एकेक वेचला. नाकातोंडात पाणी गेलं. असं दुसऱ्यांदा सावडलं.

राख मात्र कुठेच नव्हती. पंपघरात जाऊन गेज पाहिला. काटा चढला होता.

आई वाळूत आहे. बॅकवॉश केला तर ती संडासाच्या खड्ड्यात जाईल.

वेचलेलं डब्यात घालून झाडाला घट्ट बांधलं. ते आजच नेता आलं असतं. बसथांब्यापर्यंत गेलोही होतो, मग परत फिरलो. अर्धी आई नेऊन गंगेला काय सांगू? न्यायची तर सबंध न्यायला हवी.

२७ एप्रिल, रविवार

दशक्रियेला गावी जाऊन आलो.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चांगले दहाबारा बसलेले, पण एकही खाली येईना. मग एकेकानं अंदाज सुरू केले. धाकटा चुलता म्हणाला, वहिनीला तपकीर लागायची, ती ठेवा. ठेवली. कुणी म्हणालं चहा ठेवा, बिनसाखरेचा नको रे, म्हातारी शिव्या देईल. लोक हसले. दीपकनं हात जोडून सांगितलं, आई, दादाची काळजी करू नको, मी बघतो त्याच्याकडे. कावळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, किंवा मला तसं वाटलं.

मला कारण ठाऊक होतं.  शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला उठले.

आल्यावर मॅडमना म्हणालो, वाळू जुनी झालीय, पूर्ण बदलायला हवी. म्हणजे जुनी सगळी पोत्यांत भरून गंगेवर नेता येईल. त्या म्हणाल्या, नवी वाळू मागवते, पण मे महिन्याची पहिली सुट्टी होऊ दे. पुण्याचं एक मोठं कुटुंब येतंय, तलाव बंद ठेवता येणार नाही.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि दीपकला कळलं असतं.

२९ एप्रिल, मंगळवार

पंप सगळ्यात हळू वेगावर ठेवलाय. तिच्यावर दाब पडू नये म्हणून. या वेगात काटा जवळजवळ पडून राहायला हवा. तो रोज थोडा वर सरकतोय. तलावात कुणी उतरलेलं नाही, पान पडलेलं नाही, मग वाळूत येतंय काय?

आज पंप बंद करून बघितला. काटा खाली आला नाही. फिल्टरच्या टाकीवर तळहात ठेवला. कोमट होती. तापात असताना आईची पाठ लागायची तशी.

देवापुढे बसलो, पण शब्द आठवेनात.

१ मे, गुरुवार

पुण्याचं कुटुंब आलं. स्वतःची टेंपो ट्रॅव्हलर घेऊन आलेत, गाडी धाकटा मुलगा चालवतो. भली माणसं आहेत. मला काका म्हणतात. दिवसभर पाण्यात होती. पाणी किती मऊ आहे म्हणत होती. मी काठावर उभा राहून बघत होतो आणि त्यांच्या तोंडात पाणी जाताना दिसलं की मान फिरवत होतो. म्हणजे दिवसभर मान फिरवत होतो.

दुपारी त्यांची सून तेजल पाण्यातून बाहेर आली आणि काठावर बसली. डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबत बसली. आई कामावरून आल्यावर उंबऱ्यात बसायची तशी. मी टॉवेल द्यायला गेलो. तिनं वर न बघता विचारलं –

जेवला का रं खंडू.

इथे मला या नावानं कुणी हाक मारत नाही. ठमाबाईसुद्धा नाही.

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. तेजलनं डोळ्यांची उघडझाप केली, टॉवेल उचलला, आणि थँक्यू काका म्हणून हसत निघून गेली. मग आडोशाला जाऊन खोकली. दोन आखूड. एक लांब.

२ मे, शुक्रवार

सगळेच खोकतायत. सासरे, जावई, सगळे. एकाच पद्धतीनं. क्लोरिन जास्त झालं का, असं मॅडमनी फोनवर विचारलं. मी म्हणालो बघतो. क्लोरिन बरोबर आहे.

सासऱ्यांनी नाश्त्याला तपकीर मागितली. बायको चेष्टा करू लागली, अहो, तुम्ही कधीपासून? 

ठमाबाईनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, पाण्यात काय कालवलंस खरं सांग. मी तिला सगळं सांगितलं.  पाणी तेच फिरून फिरून येतंय रे, ती म्हणाली, म्हातारी वाळूत हाय का ह्यांच्यात हाय, तुला तरी ठावं हाय का? मग म्हणाली, भावाला फोन लाव.

लावला नाही.

३ मे, शनिवार

भरदुपारी झालेलं लिहितो. ऊन लख्ख होतं, मला भास व्हायचं कारण नाही.

सगळे पाण्यात खेळत होते. चेंडू होता, गाणी चालू होती. मी पंपघरात गेलो, गेज पाहिला, बाहेर आलो. तर शांतता. चेंडू एकटा तरंगत होता. सगळे पंपघराच्या बाजूला येऊन थांबले होते, जिथून गाळलेलं पाणी परत तलावात येतं तिथं. गळ्यापर्यंत पाण्यात, खांद्याला खांदा लावून, तोंडं माझ्याकडे.  रागावलेली दिसत नव्हती. वाट बघत होती. शाळा सुटल्यावर वेशीत उभी राहून आई बघायची तशी.

धावत जाऊन पंप बंद केला. बाहेरून लगेच हसणं ऐकू आलं. कुणीतरी चेंडू मारला.

पुन्हा चालू केला. हसणं थांबलं.

मग बंदच ठेवला. दीपकचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

४ मे, रविवार

आज ते जाणार होते. गेले नाहीत. आणखी दोन दिवस राहतो म्हणाले, पाणी सोडवत नाही. मॅडम आनंदल्या. सगळं श्रेय तुमचं, म्हणाल्या.

पंप बंद आहे. काटा चढतोच आहे.

सकाळी तेजल ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. ठमाबाई सांगते, शहरातली पोर, पण हात असा की मीच बघत राहिले. पहिली भाकरी बाजूला काढून म्हणाली, ही खंडूची.

ठमाबाई संध्याकाळी घरी गेली ती सामान घेऊनच. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला माझी कीव आली होती. मला शिव्या हव्या होत्या.

५ मे, सोमवार

दीपकला सांगितलं. सगळं. मडकं, वारा, वाळू, खोटं बोललो ते.

 त्यानं विचारलं, दादा, ती तुझ्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबली होती, माहीत आहे का तुला? दाराकडे तोंड करून खाट ठेवायला लावली होती.

फोन त्यानं ठेवला.

नवी वाळू आलीय. उद्या पाहुणे वाइनरी बघायला जाणार आहेत. तेवढ्यात फिल्टर उघडून आईला काढतो. दिंडोरीहून पिकअप सांगितलीय. वाळू, तो डबा, सगळं गंगेवर. सबंध.

६ मे, मंगळवार

ते गेले. झाकण उघडलं. हातानंच उपसतोय. फावडं लावायला मन होत नाही.

वरची वाळू करडी आहे. ते ठीक. राख वरच्याच थरात राहायला हवी.

–

खालीही करडी. हातभर खाली. वाळूचा दाणा लागत नाही. मऊ. पिठासारखी.

पोती भरतोय. एका मडक्यात मावली होती ती. ओंजळभर तर होती. इतकी पोती –

आई एवढी नव्हती.

–

दुपार. थांबून लिहितो. टाकी रिकामी होत नाही. ओल्या राखेत हात घातला की आत ऊब लागते. खोकला येतो. मला. दोन आखूड, एक –

मीही प्यायलोय ते पाणी. त्या दिवशी, बुडी मारताना.

–

पिकअपवाला येऊन गेला. पोती बघून म्हणाला, सिमेंट आहे का? आत पाय टाकला आणि लगेच मागे फिरला. गाडी वळवून गेला.

ट्रॅव्हलरचा आवाज. ते परत आलेत. इतक्या लवकर.

–

पंपघरात आलेत. सगळे. पोत्यांभोवती बसलेत. डावा गुडघा दाबत. म्हातारे, तरुण, सगळे तसेच.

मी पाया पडलो. म्हणालो, आई, चुकलो, आज नेतो, आत्ता नेतो, ही बघ, तुला सगळी पोत्यांत भरलीय. तेजलनं पोत्यात हात घालून मूठ भरली, बघितली, परत सोडली. एवढीच व्हय रं, म्हणाली. आणि बाकीची?

बाकीची

बाकीची या सगळ्यांत आहे. वाळू नेऊन काय उपयोग. ती यांनी प्यायलीय, मी पिऊ दिलीय. पाच दिवस काठावर उभं राहून. सबंध न्यायची तर –

नाही. ही परकी माणसं आहेत. यांचा काय दोष. नाही, आई. एवढं नको. मला एकट्याला ने.

–

ऐकत नाहीत. पोती गाडीत चढवतायत. सासरे, ज्यांना जिना चढवत नव्हता, दोन-दोन पोती उचलून. झाडावरचा डबा उतरवलाय, तेजलच्या मांडीवर आहे. सगळे आपापल्या जागी बसलेत. कोरडे आहेत तरी अंगातून पाणी निथळतंय.

गाडीची किल्ली काढून घ्यायला हवी. दीपकला, मॅडमना, कुणालातरी फोन – फोन करडा झालाय, लागत नाही. बोटं करडी –

हॉर्न वाजवतायत. मधली जागा मोकळी ठेवलीय. एकच आवाज येतोय, सगळ्यांच्या तोंडून, रागाचा नाही, लाडाचा. चल रं खंडू. उशीर लय झाला. गंगेवर जायचं ना –

मी किल्ली घ्यायलाच चाललोय. बसायला नाही. देवा, मी बसायला नाही चाललो, फक्त किल्ली घेऊन यांना खाली उतर